मातीत काही कुजत नाही

साहेब, आमची जमीन तुम्ही मारलीत. माती तपासायला आलात, उन्हात शेतापर्यंत चालायचा कंटाळा केलात आणि गोठ्यामागच्या जुन्या उकिरड्याखालची माती पिशवीत भरलीत. "जमीन सकस आहे, शेणखत बंद करा, गोणीतलं खत पुरे," म्हणालात. आम्ही ऐकलं.

शेणखत थांबवलं त्या वर्षी गाडलेला पाला काल वहिनीनं खणून काढला. अजून हिरवागार, देठातून चीक गळत होता. गांडूळ नाही, मुंगी नाही, मातीला वासच नाही. त्याच्याखाली तेव्हाच पुरलेली आमची मांजर, नुकतीच झोपल्यासारखी.

"भावजी, हात लावू नका," वहिनी कुजबुजली. "जागी व्हायची."

बियाणं घरात येऊन पडलंय. या मातीत पेरू की नको? साहेब, तोंड उघडा.