ताईंनी गुंडाळलेली तार

मी या कंपनीचा सर्वांत जुना मिक्सर बोलतोय. काचेच्या पेटीत आहे, म्हणून जरा आवाज चढवतो. आज मला गप्प बसवत नाही.

माझं भांडं आणि पाती मोठ्या मालकांनी केली. मोटरचं वाइंडिंग मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीचं. पत्र्याच्या शेडमध्ये बसून ताई तांब्याची तार गुंडाळायच्या. मध्येच कुणी हाक मारली तर मोजणी चुकेल, म्हणून दर शंभर वेढ्यांना लाल दोरा अडकवायच्या.

पुढे शेडचा कारखाना झाला, वाइंडिंगचं यंत्र आलं आणि ताई नुसत्या 'मालकांची बहीण' उरल्या. मोठे मालक म्हणायचे, "ताई नसती तर मी अजून लोकांचे पंखे दुरुस्त करत बसलो असतो." ते गेल्यावर असं म्हणणारं कुणी राहिलं नाही.

यंदा कंपनीला पन्नास वर्षं झाली. धाकट्या मालकांनी इतिहासाचं पुस्तक काढलं. ताई म्हणाल्या, "एका ओळीत माझं नाव घाल रे."

"आत्या, पुरावा काय? कागद तर एकही नाही."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? मिक्सर उघड. आत माझा लाल दोरा आहे."

"बरं, सोमवारी उघडू. पुस्तक मंगळवारी छापायला जातंय."

माझा जीव भांड्यात पडला. पण शनिवारीच मेकॅनिक आला. समारंभात मी फिरलो पाहिजे, असा हुकूम त्याला महिन्यापूर्वीच मिळाला होता, आणि देणारे विसरूनही गेले होते. त्याने जुनं वाइंडिंग उपटलं आणि नवं बसवलं. मी ओरडत होतो, पण मोटरच नसलेल्या मिक्सरचं कोण ऐकणार?

सोमवारी ताई चष्मा पुसत आल्या. मला उघडलं. आत नवीकोरी तार होती.

"जुनी जळकी होती, मावशी. भंगाराच्या गाडीत गेली," मेकॅनिक म्हणाला.

हुकूम आपलाच होता, हे धाकट्या मालकांना आत्ता आठवलं. ताईंनी नव्या तारेवरून बोट फिरवलं. "सारखी बसलीये हो," म्हणाल्या, आणि माझं बूड स्वतःच बंद केलं.

पुस्तक छापून आलं. त्यात त्यांचं नाव नाही.

आज समारंभ आहे. बटण दाबलं की मी झकास फिरेन, लोक टाळ्या वाजवतील. मला त्या टाळ्या नकोत. तुम्ही आलात तर एवढंच करा: पुढच्या रांगेत कडेला एक म्हातारी बाई बसलीये, तिच्याशेजारी जाऊन बसा आणि तिला विचारा, तार कशी गुंडाळायची असते.