भुयारी नकाशाचं टक्कल

मित्रांनो, मी भुयारी रेल्वेचा एक जुना नकाशा आहे आणि मला टक्कल आहे. म्हणजे, होतं! आधी हसून घ्या, पुढे फारसं हसू येणार नाही.

छापखान्यात माझ्या अंगावर एकेक रंग चढला. लाल मार्ग, हिरवा मार्ग, शेवटी निळा. मग मला पुठ्ठ्यावर चिकटवून एका छोट्याशा स्टेशनात, तिकीट-खिडकीशेजारी टांगलं. काच नव्हती, पण रुबाब काय विचारता! मला बघितल्याशिवाय कोणी जिना उतरत नसे.

तिथले तिकीटबाबू मोठे गमतीदार. कोणी गोंधळलं की खिडकी सोडून बाहेर येत आणि माझ्यावर बोट टेकवत.

"हे बघा मावशी, आपण इथे."

"अगबाई! म्हणजे मी उलट्या गाडीत बसले?"

"बसलात तर बसलात, तेवढीच शहराची फेरी झाली!"

रोज तेच बोट, त्याच ठिपक्यावर. हळूहळू तिथला रंग उडाला, मग स्टेशनचं नावही गेलं. उरला एक गुळगुळीत पांढरा गोल. आम्हा भिंतीवरच्या नकाशांचं असंच होतं. आम्ही जिथे टांगलेले असतो, नेमकं तिथलंच नाव आमच्या अंगावरून पुसलं जातं.

पुढे ते स्टेशन बंद झालं. नव्या नकाशांत त्याला साधा ठिपकाही मिळाला नाही. मी भंगारात गेलो. एका कपाटामागे भिंतीकडे तोंड करून किती वर्षं काढली, कोणास ठाऊक.

मग एक दिवस एक ताई आली. तिला जुने भुयारी नकाशे जमवायचा भारी नाद.

"हा नका नेऊ, खराब झालाय," भंगारवाला म्हणाला. "दुसरा चांगला देतो."

ताईने माझ्या टकलावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हाच हवा. माझे बाबा इथे तिकिटं द्यायचे."

तिकीटबाबूंची मुलगी! खिडकीमागे बसून गृहपाठ करणारी! बाबू आता या जगात नाहीत, हेही मला तिच्याकडूनच कळलं.

ताईचा धाकटा भाऊ स्टेशन बंद झालं तेव्हा पाळण्यात होता. बाबांना तिथे काम करताना त्याने पाहिलंच नव्हतं. मला भिंतीवर लावायचं आणि मग भावाचं बोट धरून त्या पांढऱ्या गोलावर ठेवायचं, असं ताईने ठरवलं. तोवर त्या गोलाची गोष्ट अगदी गुपित! पण भावालाही तिला चकित करायचं होतं. तिथेच घोळ झाला.

फ्रेमवाल्याकडे मला तोच घेऊन गेला. टक्कल बघून बिचारा हळहळला. फ्रेमवाल्याने त्याच्या सांगण्यावरून गोल रंगवला, ताईच्याच दुसऱ्या जुन्या नकाशात बघून नाव लिहिलं, वर काच बसवली.

"ताई, उघड डोळे! कसा नवाकोरा केलाय बघ. आता डाग शोधून दाखव!"

ताईने गोलाच्या जागी काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "सुंदर झालाय रे."

"मग! आणि मला वेंधळा म्हणतेस!"

तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. तो इतका खूश होता की तो गोल बाबांच्या बोटाने झिजला होता, हे तिला सांगवेना.

रविवारी भिंगकाका आले. तेही नकाशे जमवतात. खिशातलं भिंग काढून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत तपासलं. "याला कुठेच टक्कल नाही. कुठल्या स्टेशनचा हा?"

भाऊ शेजारीच उभा होता.

"कुठलाच नाही," ताई म्हणाली. "गोदामातच पडून राहिला असेल. कधी टांगलाच नसेल."

मित्रांनो, माझं अख्खं आयुष्य एका वाक्यात खोडलं गेलं, तरी मला तिचा राग आला नाही. भावाचा तरी कसा येईल? म्हणून एवढंच मागतो. घरातल्या जुन्या वस्तू जरूर जपा, पण एखादी जागा झिजलेली दिसली, तर रंगाचा डबा उघडण्याआधी विचारा, इथे कोणाचा हात लागत होता? आणि ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांनी चांगल्या दिवसाची वाट बघू नये. आजच सांगावं.

ताईने अजून सांगितलेलं नाही. भाऊ मात्र आला की आधी रुमाल काढतो आणि माझी काच लख्ख पुसतो. काचेवर बोटाचा एकही ठसा राहिलेला त्याला खपत नाही.