करून कळवावे

“…तरी याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी. घाल पूर्णविराम,” साहेब म्हणाले आणि माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

पत्र माझ्या मुलीच्या बदलीचं होतं. ती नर्स, नोकरी डोंगरापलीकडच्या दवाखान्यात. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला ऐकू येत नाही आणि तशा मुलांची शाळा फक्त इथे, आमच्या गावात. बदली झाली नाही तर पोराचं हेही वर्ष वाया जाणार. एकतीस वर्षं मी साहेबांची पत्रं टाइप करतोय. स्वतःसाठी मागितलेलं हे पहिलंच.

‘व्हावी’चा अर्थ मला कुणी सांगायला नको. साहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हा सायकलवरून फिरायचे. पत्र द्यायचे आणि मागोमाग स्वतः कचेरीत जाऊन काम होईपर्यंत ठाण मांडून बसायचे. तिसऱ्या निवडणुकीनंतर गाडी आली आणि पत्रं ढिगाने जायला लागली. नेमकं कुणाचं काम करायचं, म्हणून अधिकारी कुरकुरले. तेव्हा युक्ती निघाली. ज्याचं काम व्हायलाच हवं, त्याच्या पत्राच्या शेवटी ‘कार्यवाही करून कळवावे’. बाकीच्यांना ‘कार्यवाही व्हावी’, म्हणजे फाइलला लावा आणि विसरा. हे शब्द मीच सुचवले होते. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी फुशारून घरी गेलो. त्यानंतर हजारो माणसं ती ‘व्हावी’ छातीशी धरून, साहेबांना दुवा देत माझ्यासमोरून गेली. मी त्यांना चहा पाजत राहिलो. लाज वाटली नाही.

“साहेब, व्हावी?” मी विचारलं.

त्यांनी नजरही चुकवली नाही. इथल्या दवाखान्यातली ती जागा पुतण्याच्या मेहुणीला द्यायचं ठरलंय, म्हणाले. पुतण्या यंदा निवडणुकीला उभा राहतोय, त्याच्या सासरच्यांना दुखवून चालणार नाही. “तू घरचाच माणूस. समजून घेशील.”

त्यांच्या घरच्यांना जागा आणि या घरच्या माणसाला समजूत! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी सांगितलं तेच टाइप केलं आणि कागद पुढे ठेवला.

इतक्या वर्षांत माझ्या हातचं पत्र साहेबांनी कधी वाचलं नव्हतं. तू लिहिलंस ना, मग झालं, असं म्हणून सही ठोकायचे. आज त्यांनी चष्मा शोधला. खिशात नव्हता, खणात नव्हता, तर घरातून मागवला. वरचा मजकूर पाहिलासुद्धा नाही. थेट शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं, तो ‘व्हावी’च असल्याची खात्री केली आणि मग सही केली.

जागा गेली हे मी गिळलंही असतं, पण ते बोट मला गिळता येईना.

बाहेर बाकावर अकरा जण सकाळपासून बसले होते. त्यांची पत्रं टाइप व्हायची होती. सगळ्यांना ‘व्हावी’ लाव, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं. मी बसलो आणि कीबोर्ड फुटेल इतक्या जोरात बडवला. करून कळवावे. करून कळवावे. अकराच्या अकरा. साहेब फोनवर पुतण्याशी हसत बोलत होते, चष्मा कपाळावर चढवलेला. न बघता त्यांनी अकरा सह्या केल्या.

पेन्शन अडकलेला म्हातारा वॉचमन पत्र घेऊन म्हणाला, साहेब देवमाणूस आहेत. मी त्याला सांगितलं, आजच जा, उद्यावर टाकू नका. उद्यापर्यंत एखादा अधिकारी फोन करून विचारणारच होता.

दुपारी मुलीचा फोन आला. पत्र मिळालं का, विचारत होती. मिळालं म्हटलं. मग म्हणाली, वाचून दाखवा. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मागे नातवाचा काहीतरी ठोकण्याचा आवाज येत होता.

“छान लिहिलंय, बाबा,” ती म्हणाली. “आता होईल ना?”

“होणार नाही, बाळा,” मी म्हणालो. “‘व्हावी’ म्हणजे काय, ते सांगतो तुला. शब्द माझाच आहे.”