जिवंत माणसाचा भात

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातल्या नोझुएबाई वजनाचा काटा घेऊन फुसाएच्या खानावळीत आल्या. अठ्ठावीस वर्षं बंदरामागच्या गल्लीत तिने माणसं जेवू घातली, पण भात तोलून वाढायची वेळ कधी आली नव्हती. आणि यावी तरी का? भूक काय काट्यावर चढते? पण गावात साखरेची आणि रक्तदाबाची माणसं घरटी एक झाली होती. प्रत्येक खानावळीने पाटीवर पदार्थाखाली कॅलरी लिहाव्यात असं फर्मान पालिकेने काढलं होतं. लिहील त्याला दारावर लावायला हिरव्या पानाचं चित्र मिळे. समोरच्या नूडलवाल्याने ते लावलंही होतं, मग फुसाए कशी मागे राहणार!

मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शातला बांगडा, मुळ्याचं लोणचं, सूप, सगळं तोलून झालं. शेवटी भात. फुसाएने भातवाढी भरून एकदा वाडग्यात घातला आणि दुसऱ्यांदा भांड्याकडे हात नेला, तर नोझुएबाई म्हणाल्या, "बास बास! झाले दीडशे ग्रॅम."

"अहो, पण एकाच वाढीत?"

"अगदी बरोब्बर झाले की. हात भलताच सराईत आहे हं तुमचा."

फुसाएने हात मागे घेतला. एका वाढीत भात फक्त मेलेल्याला वाढतात, उशाशी ठेवायला. जिवंत माणसाला दोनदा वाढायचं, दुसऱ्यांदा चिमूटभर का होईना. हे तिच्या आईने तिला हातात चॉपस्टिक्स धरता यायच्या आधी शिकवलं होतं. पण पालिकेच्या बाईपुढे असलं काय बोलणार? म्हणायची, म्हातारीला खूळ लागलंय. पाटीवर आकडा चढला: बांगड्याचं ताट, सहाशे दहा कॅलरी.

दुसऱ्या दिवसापासून हात आपल्या वळणावर गेला. आधी एक वाढी, मग दुसरी. आणि फुसाएची चिमूट ती कसली! हात आखडता घेणं तिच्या रक्तातच नव्हतं. वाडगा शिगोशीग भरे, वर रश्शाचा एखादा चमचा जास्तच. आकडा पालिकेचा, भात आपला, दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

त्या आकड्यावर कुरामोचीसान जगत होते. चाळीस वर्षं मासळीबाजारात काट्यावर बसलेला माणूस. त्यांनी सांगितलेलं वजन कुठल्या कोळ्याने कधी दुसऱ्यांदा तोलून पाहिलं नाही. बायको गेली, साखर निघाली, आणि डॉक्टरांनी जेवणाच्या कॅलरी मोजायला सांगितल्या. तेव्हापासून दुपारी आणि संध्याकाळी ते फुसाएकडे यायचे, खिडकीजवळ बसायचे, पाटी वाचायचे.

"डुकराचं कटलेट, नऊशे ऐंशी! फुसाएबाई, हे नुसतं वाचूनच माझी साखर चढली."

"मग वाचता कशाला? डोळे मिटून बांगडा मागवा."

"माणसाने बघूही नये का आता?"

मग बांगडाच खायचे, शेवटच्या शितापर्यंत. खिशातून छोटी वही काढून पेन्सिलने लिहायचे, सहाशे दहा. तीन वर्षं हा नेम चुकला नाही. फुसाएलाही त्यांची इतकी सवय झाली होती, की ते यायच्या वेळेला ती आरशात बघून डोक्यावरचा रुमाल नीट करायची. कुणी विचारलं असतं तर कबूल केलं नसतं.

गेल्या पानगळीत एका दुपारी ते आले ते तोंड पाडूनच.

"डॉक्टर म्हणतात, मी चोरून खातो," ते म्हणाले. "वही दाखवली तर हसले. साखर उतरायचं नाव नाही, मग वही खोटी, असं म्हणाले."

"डॉक्टरांना काय कळतंय!"

"चिझुरू पण तेच म्हणाली." चिझुरू त्यांची मुलगी, शहरात असते. "म्हणाली, बाबा, आई गेली तेव्हाही मी तुमच्या पाया पडून सांगितलं होतं, तब्येत सांभाळा. खोटं बोलणार असाल तर मला फोन करू नका. मी, फुसाएबाई! मी खोटं बोलतो?"

फुसाएच्या हातात भातवाढी होती, वाडग्यात एक वाढी पडली होती आणि दुसरी वर अधांतरी होती. एका क्षणात सगळं उमगलं. सांगायचं होतं तिला, अगदी ओठांवर आलं होतं. पण दारावर ते हिरवं पान होतं. आणि सांगितलं की हा माणूस उठून जाईल, पुन्हा यायचा नाही, ही भीती त्याहून मोठी होती. खोटं कशाला बोला!

तिने दुसरी वाढी भांड्यात परत टाकली आणि एका वाढीचा भात पुढे ठेवला. न बोलता सुधारू, असं मनाशी म्हणाली.

कुरामोचीसाननी वाडग्याकडे पाहिलं. इतक्या दुःखातही त्यांना हसू फुटलं. "काय हो? तुम्ही पण मला मेल्यात काढलंत का?"

"अगं बाई! नाही हो, नाही!" फुसाएने वाडगा जवळजवळ हिसकावून घेतला आणि त्यावर दुसरी वाढी घातली. त्यानंतर तिला पुन्हा हिंमत झाली नाही. उद्या सांगू, उद्या सांगू, करता करता हिवाळा गेला. चिझुरूचा फोन काही आला नाही.

चेरीला कळ्या धरल्या त्या आठवड्यात सकाळी कुरामोचीसान अंगणातच कोसळले. हृदय थांबलं होतं.

दुपारी त्यांची शेजारीण फुसाएला बोलवायला आली. मुलगी पोचलीय, पण उशाशी ठेवायचा भात कसा करतात तिला ठाऊक नाही. फुसाए भात शिजवून घेऊन गेली. खोलीत ते पांढऱ्या चादरीखाली निजले होते. चिझुरू शेजारी बसली होती, डोळे कोरडे ठणठणीत.

"मावशी, हा त्यांचा वाडगा."

फुसाएने एक वाढी भात घातला. हात सवयीने पुन्हा भांड्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"ही वही त्यांच्या खिशात मिळाली," चिझुरू म्हणाली. "कालच्या रात्रीपर्यंत सहाशे दहा, सहाशे दहा. मरेपर्यंत थापा मारल्या बघा. शवपेटीत ठेवून देते. त्यांचं खोटं त्यांच्याबरोबर जळून जाऊ दे."

आता नाही बोललं तर कधीच नाही, हे फुसाएला कळलं.

"खोटं नाही ते," ती म्हणाली. "खोटी माझी पाटी आहे. हा एका वाढीचा भात पाटीवरचा." तिने दुसरी वाढी भरून भांड्याच्या झाकणावर ओतली. "आणि हा मी रोज वर घालत होते. दोन्ही वेळेला, तीन वर्षं. त्यांनी एक दाणा चोरून खाल्ला नाही, पोरी."

चिझुरू झाकणावरच्या भाताकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"पानगळीपासून."

"म्हणजे मी फोन बंद केला तेव्हापासून."

"हो." फुसाएने कपाळ चटईला टेकवलं. माफी मागायलाही तोंड नव्हतं. वहीची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"उठा," शेवटी चिझुरू म्हणाली. तिचा आवाज कोरडाच होता. "मी तुम्हाला काही बोलणार नाही. मला तरी बोलायला कुठे तोंड आहे?"

तिने वही शवपेटीसाठी काढलेल्या वस्तूंतून बाजूला घेतली, आपल्या पिशवीत ठेवली. मग तो एका वाढीचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला, वडिलांच्या उशाशी ठेवला, आणि तेव्हा कुठे तिचा बांध फुटला.

"जेवा बाबा," ती म्हणाली. "आज बरोब्बर पाटीवरचा आहे. आज तुम्हाला कुणी खोटं म्हणणार नाही."