टबातला नवा पाहुणा

हडपसरच्या फ्लॅटमधल्या टाकीत एक अ‍ॅक्सोलॉटल आधीच होता: चार पायांचा, मानेशी झालरीसारखे कल्ले असलेला, सदा हसल्यासारखा दिसणारा. सासरेबुवांनी आता दुसरा आणला, पण टाकीत सोडेनात. तो महिनाभर बाथरूममधल्या टबात राहणार, म्हणून अपेक्षा कोपऱ्यात अंग चोरून आंघोळ करत होती. आठव्या दिवशी ती तडकलीच.

"बाबा, सोडा की त्याला आता!"

"अगं, नवीन जीव आहे," यज्ञेश्वरराव शांतपणे म्हणाले. "इथलं पाणी आधी मानवायला नको का?"

"मी नागपूरहून आले, तर दुसऱ्याच दिवशी चाळीस जणांच्या पोळ्या लाटायला बसवलंत," अपेक्षा म्हणाली. "मला पाणी मानवलं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही."