गिरणीची चिमणी

जीपीएस सकाळपासून रुसलं होतं, म्हणून मार्ग सांभाळणारा अधिकारी, सेकंड मेट, जुन्या पद्धतीनं जहाजाची जागा काढत होता. किनाऱ्यावरच्या तीन ठळक खुणा होकायंत्रावरून न्याहाळायच्या, प्रत्येकीच्या दिशेची रेघ नकाशावर ओढायची. तिन्ही रेघा जिथं भेटतील तिथं आपण. दुर्बिणीला त्यानं हातही लावला नाही. हे त्याचंच गाव. दीपगृह, डोंगराचं टोक आणि वडिलांचा उभा जन्म गेला त्या गिरणीची चिमणी. वर्षातून चार-पाचदा तो इथून जायचा. जहाज मात्र इथं कधी थांबत नसे.

रेघा भेटल्या नाहीत. मध्ये भलामोठा त्रिकोण उरला आणि त्याचा एक कोपरा थेट खडकांवर.

"तीन तिगाडा झालाय की हो," मागून डोकावत कॅप्टन म्हणाला. "पाण्यात आहोत की खडकावर?"

"पुन्हा घेतो, सर."

"आधी वेग कमी करा. खोल पाण्याकडे वळवा."

जहाज वळल्यावर त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली. चिमणी समजून त्यानं धरला होता तो मोबाइलचा मनोरा. चिमणी कुठंच नव्हती. मग टेकडीवरची पाण्याची टाकी धरली, तेव्हा कुठं रेघा एका ठिपक्यात मिळाल्या. खडक बरेच लांब होते. कॅप्टन निघून गेला.

थोड्या वेळानं पाळी संपली. कठड्याशी येऊन त्यानं ताईला फोन लावला.

"अगं, गिरणीची चिमणी कुठं गेली?"

"पाडली की, गेल्या वर्षीच! तुला कुणी सांगितलं नाही?"

"तुझ्याशिवाय कोण आहे सांगायला?"

 ताई घाईघाईनं म्हणाली, "थांब, गच्चीवर जाते." जिना चढताना तिला दम लागलेला ऐकू येत होता. "तीन जहाजं दिसतायत. तुझं कुठलं रे?"

"मधलं. लाल."

"इथून सगळी काळीच दिसतात. बरं, मी हात हलवते हं. दिसतेय का?"

त्यानं दुर्बिणीतून गच्च्या धुंडाळल्या. घरांवर नवे मजले चढले होते. आपलं कुठलं ते कळेना.

"दिसतेस की," तो म्हणाला. "केस किती पिकलेत गं तुझे."

"चल, खोटारड्या! परवाच रंगवलेत."

दोघंही हसली. मग तिचं हसू मध्येच तुटलं, रेंज गेली. तो फोन कानाला लावून तसाच उभा राहिला.