झरा मोजणारा डबा

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, वर कडी असलेला, साधासुधा डबा. लगेच नाक मुरडू नका. माझ्या पोटावर लाल रंगात ‘१०’ लिहिलंय, ते आधी वाचा. आणि वाचलंत तरी त्यावर विश्वास ठेवू नका, कारण त्या आकड्यानेच सगळा घोळ घातला.

मला डागकाकांनी घडवलं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं एवढंसं दुकान. पत्रा कापायचा, वाकवायचा, डाग देऊन सांधायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. “बरोबर दहा लिटर हवा. थेंब इकडे नको, थेंब तिकडे नको,” असं सांगून एक गृहस्थ मला करायला टाकून गेले होते. काकांनी मला तीनदा भरलं, तीनदा ओतलं आणि मगच ब्रश हातात घेऊन आकडा रंगवला. त्या दिवशी मी अस्सल दहा लिटरचा होतो, हे मी छातीठोकपणे सांगतो.

त्या गृहस्थांचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. घरामागे झरा. दगडी पन्हळीतून त्याचं पाणी खाली पडायचं. दर रविवारी सकाळी मला पन्हळीखाली ठेवायचं, घड्याळ बघायचं, मी किती सेकंदांत काठोकाठ भरलो ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात लिहायचं. उत्तर ठरलेलं: चाळीस. “कशाला हा उद्योग?” असं कुणी विचारलं की गृहस्थ म्हणायचे, “दाराशी पाणी आहे. त्याची आठवड्यातून एकदा विचारपूस नको का करायला?”

ते गेले आणि घड्याळ त्यांच्या सुनेच्या हाती आलं. गाव तिला मोजणीबाई म्हणू लागलं. बाई कामाला चोख. पाहुणे येवोत, ताप असो, रविवार चुकला नाही. जुनी कॅलेंडरंही त्यांनी टाकली नाहीत, एकाच खिळ्यावर एकावर एक टांगून ठेवली.

झऱ्याचं पाणी पुढे उतरून बाईंच्या नणंदेच्या लॉन्ड्रीत जायचं. तिथे मोठी टाकी होती, आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या सात बायका. नणंद-भावजयीचं छान गूळपीठ होतं. एकीला शिंक आली की दुसरी रुमाल शोधायची.

मग वरच्या अंगाला बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला. त्यांनी खोल बोअर मारली, पंप बसवला. बाटलीवर आमच्याच झऱ्याचा फोटो छापला, तेव्हा सगळ्यांना केवढं कौतुक! फोटोत मी नव्हतो. असो.

दोन-तीन वर्षांत माझं भरणं रेंगाळू लागलं. एक्केचाळीस. त्रेचाळीस. पंचेचाळीस. बाईंचा जीव खालीवर होऊ लागला. नेमका त्याच सुमाराला माझा तळ कुजला. ओल्या दगडावर जन्म काढल्यावर दुसरं काय होणार? काकांनी कुजलेला भाग दोन बोटं कापून काढला आणि नवा तळ बसवला. पुढच्या रविवारी मी चाळीस सेकंदांत भरलो.

“वन्सं, झरा सावरला!” बाई ओल्या पायांनी लॉन्ड्रीपर्यंत धावल्या.

झरा कसला सावरतोय? मी बुटका झालो होतो! मी परोपरीने सांगायला गेलो. पण डबा बोलून बोलून काय बोलणार? खण्ण. बाईंना वाटलं, कडी ढिली झाली.

असं एकदा नाही, तीनदा झालं. सेकंद वाढायचे, तळ कुजायचा, दोन बोटं जायची, सेकंद पुन्हा चाळिसावर यायचे. मी झिजत गेलो आणि पोटावरचा दहा मात्र तसाच तोऱ्यात. वर बाई मला एका हाताने उचलून म्हणायच्या, “साठी आली, पण हातातली ताकद बघा माझ्या!” माणसाला स्वतःचं कौतुक किती लवकर पटतं!

इकडे लॉन्ड्रीची टाकी भरायला सकाळची दुपार होऊ लागली. नणंदबाई एकदा घरी येऊन म्हणाल्या, “वहिनी, पाणी कमी झालंय गं.”

“टाकी गळत असेल. माझं कॅलेंडर खोटं बोलत नाही.”

“टाकी दोनदा तपासली. तुझं कॅलेंडर कोण तपासतं?”

त्या दिवशी चहा तसाच राहिला. पुढे सातांपैकी तीन बायकांना कामावरून कमी करावं लागलं, आणि दोघी रस्त्यात समोरासमोर आल्या तरी एकमेकींकडे बघेनाशा झाल्या.

मग कंपनीला दुसरा पंप हवा झाला. त्यांचे साहेब आमच्या घरी आले, खिळ्यावरच्या कॅलेंडरांचं तोंड भरून कौतुक केलं, पानापानाचे फोटो काढले. बाई खूश. आपल्याच हाताने आपण काय देऊन बसलो ते त्यांना कळलं पालिकेची नोटीस वाचल्यावर. पंपाला हरकत असेल तर सभेत मांडा, असं त्यात होतं. आणि झरा जसाच्या तसा असल्याचा पुरावा म्हणून बाईंचं कॅलेंडर जोडलं होतं.

नणंदबाई मानपान गिळून आल्या. “वहिनी, दुसरा पंप आला तर लॉन्ड्रीला कुलूप. सभेत एवढंच म्हण, की पाणी कमी झालंय.”

“जे मोजलं नाही ते कसं म्हणू?” बाई म्हणाल्या. नणंदबाई गेल्यावर बाईंनी मला ओळीने तीन दिवस पन्हळीखाली ठेवलं. आकडा वाढावा म्हणून देवाला हात जोडले. तिन्ही दिवस बेचाळीस, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकंच. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याशेजारी दगडावर बसून रडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही, पण त्या दिवशी पोटात होतं ते सगळं लाजेचं होतं.

सभेला मला घेऊनच गेल्या. लांब टेबल, प्रत्येक खुर्चीसमोर कंपनीची एक एक लिटरची बाटली. साहेब फाइल उघडून म्हणाले, “आम्ही काही बोलत नाही. बाईंचं कॅलेंडरच बोलतंय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “बाई कंपनीला फितूर!”

बाई ताडकन उठल्या. मला टेबलावर असं आदळलं की माझ्या कडीला अजून बाक आहे. “फितूर? हा माझा दहा लिटरचा डबा, आणि या तुमच्या बाटल्या. ओतते सगळ्यांसमोर. एक थेंब कमी-जास्त निघाला तर म्हणा फितूर!”

एक. दोन. तीन. सभागृहात फक्त पाण्याचा आवाज. सहावी बाटली संपली तेव्हा पाणी गळ्याशी आलं होतं. सातवी निम्मी झाली आणि मी भरून वाहू लागलो. साहेबांची फाइल भिजली.

“बाटल्यांत थोडं जास्त असेल,” साहेब म्हणाले.

“कंपनी जास्त पाणी देते होय?” कुणीतरी विचारलं, आणि सगळं सभागृह हसलं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्या तळावरून बोट फिरवत होत्या.

शेवटच्या रांगेतून डागकाका काठी टेकत उठले. “तीनदा तळ बसवला मी. दर वेळी दोन बोटं कापली. दहाचा आकडा मीच रंगवला होता, आणि मीच विसरलो हो.”

बाईंनी मनात हिशोब केला. मग सरळ नणंदेकडे वळल्या. “चाळीस सेकंदांत दहा लिटर यायचं, तिथे आता बेचाळीस सेकंदांत साडेसहाच येतंय. वन्सं, तुमचं खरं होतं. मी चुकले.”

त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? सुटलो! इतक्या वर्षांचं खोटं माझ्या पोटातून उतरलं. नणंदबाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि पदराने बाईंचे भिजलेले हात पुसू लागल्या. अध्यक्षांनी दुसरा पंप नामंजूर केला आणि पालिकेची स्वतःची मोजणी होईपर्यंत पहिलाही बंद ठेवायला सांगितलं. मोजणी झाली. तो पंप पुन्हा सुरू झाला नाही.

आता झऱ्याखाली दहा लिटरचं स्टीलचं माप असतं, आत रेघा कोरलेलं. पहिल्या रविवारी त्याला भरायला चौसष्ट सेकंद लागले. मग साठ, मग पंचावन्न. गेल्या रविवारी सत्तेचाळीस. चाळिसाला अजून अवकाश आहे, पण आता तो आकडा खरा असेल.

माझी बदली लॉन्ड्रीत झालीय. माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवतात, आणि ते किती मावतात हे कुणी विचारत नाही. कामावरून गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्यात. तिसरीला दुसरीकडे बरं काम मिळालं.

तुम्हाला एकच विनवणी. कुठे पाणी बाटलीत भरू लागले आणि कुणी कागद दाखवून म्हणालं, सगळं पूर्वीसारखंच आहे, तर त्या मापाचा तळ एकदा हाताने चाचपून बघा. माणूस प्रामाणिक असला तरी बघा.

परवा टाकी सकाळी नऊलाच काठोकाठ भरली आणि वाहू लागली. थेंब सांडला तरी बायकांवर ओरडणाऱ्या नणंदबाई पुढे आल्या, थबकल्या आणि बाईंना हाक मारली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून बघत राहिल्या. बराच वेळ कुणी नळ बंद केला नाही.